हॉलच्या शेड्यूलवर 'स्ट्राईक' दिसलं म्हणून घाबरू नका: अमेरिकेतल्या युनियन हॉलमध्ये मराठी नाटक लावायचं असेल तर

आमच्या मंडळाच्या खजिनदार काकांनी एकदा भर दुपारी ऑफिसमधून मला फोन केला, आवाज चढलेला, अगं हॉलवाल्यांचं शेड्यूल आलंय आणि त्यात सरळ लिहिलंय रात्री साडेनऊला स्ट्राईक, हे लोक संपावर जाणार आणि आपण सहाशे तिकिटं विकून बसलोय. मला आधी काही कळेचना, मग मी पाच मिनिटं हसत होते. इथल्या थिएटरच्या भाषेत स्ट्राईक म्हणजे प्रयोग संपल्यावर सेट उतरवणं, बस. पण काकांच्या डोक्यात पहिला संपच आला ना, तेच तर सांगायचंय. युनियन शब्द निघाला की आपल्या कमिटीत सगळे एकदम गिरणी संपाच्या आठवणी काढायला लागतात किंवा मग लूट आहे लूट म्हणून ग्रुपवर इमोजी टाकतात.

मी पण त्यातलीच होते. गेली बरीच वर्षं नाट्यसमितीत आहे, दर दोन वर्षांनी नवी कमिटी येते आणि त्याच चुका पहिल्यापासून करते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कमिटी बदलली की पुढच्यांना फॉरवर्ड करा.

सगळ्यात आधी, म्हणजे हॉलचं डिपॉझिट भरायच्याही आधी, दोन प्रश्न विचारा. तुमचं युनियन हाऊस आहे का, आणि लेबरचा अंदाज लेखी मिळेल का. हायस्कूलची ऑडिटोरियम बहुतेक युनियनची नसतात, तिथे शाळेचा एक लाईट-साउंडवाला आणि एक कस्टोडियन, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, यात भागतं. मोठी परफॉर्मिंग आर्ट सेंटरं, डाउनटाउनमधली जुनी थिएटरं, तिथे मात्र स्टेजवरची माणसं युनियनची असू शकतात. ही युनियन म्हणजे आयएटीएसई, बोलताना सगळे आयॅट्सी म्हणतात. प्रत्येक शहराचं किंवा भागाचं आपापलं लोकल, म्हणजे युनियनची स्थानिक शाखा, असतं, त्याला नंबर असतो, आणि रेट आणि नियम लोकलप्रमाणे बदलतात, त्यामुळे शिकागोच्या मित्राने सांगितलेला आकडा धरून न्यू जर्सीचं बजेट करू नका. आमच्याकडे एकाने केलं होतं. हॉलचं भाडं वेगळं आणि लेबर वेगळं, आणि लेबर भाड्याच्या वर गेलेलं मी स्वतः पाहिलंय.

अंदाज हातात आला की त्यात कार्पेंटर, इलेक्ट्रिशियन, प्रॉप्स, साउंड असे खात्यांचे हेड दिसतील. कार्पेंटर म्हणजे सुतारच असं नाही, सेट आणि वरखाली जाणारे पडदे बघतो तो. इलेक्ट्रिशियन म्हणजे आपला लाईटवाला. मग खाली लिहिलेलं असतं मिनिमम कॉल चार तास. म्हणजे माणूस बोलावला आणि काम तासाभरात उरकलं तरी चार तासांचे पैसे द्यायचे. पाच तासांच्या आत जेवणाची सुट्टी द्यायची, नाही दिली तर मील पेनल्टी, म्हणजे दंड. ठराविक तासांनंतर दीडपट, मध्यरात्रीनंतर बऱ्याच ठिकाणी दुप्पट. बहुतेक ठिकाणी साधारण असंच असतं, पण तुमच्या हॉलचं वर्क रूल्सचं पान मागून घ्या आणि कमिटीतल्या दोघांनी तरी ते खरोखर वाचा.

इथेच सगळे बिथरतात. एक सोफा उचलायला चार तासांचे पैसे? हे वाक्य मी मीटिंगमध्ये उभं राहून म्हटलेलं आहे, मिनिट्समध्ये असेल. आता त्याचा हिशोब सांगते. तो माणूस तासभर गाडी चालवून आलाय, तुमच्या कॉलसाठी त्याने त्या दिवशीचा दुसरा कॉल सोडलाय, आणि उद्या त्याला काम असेलच असं नाही. शिवाय बिलावर तासाला जो आकडा दिसतो तो सगळा त्याच्या खिशात जात नाही. त्यात पेरोल टॅक्स असतो, हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी असते. आपल्याला इन्शुरन्स आपली आयटी कंपनी देते. आज या थिएटरमध्ये आणि उद्या त्या थिएटरमध्ये काम करणाऱ्याला कोण देणार, तर अशा तासातासाच्या वर्गणीतून ते उभं राहतं. हे मला एका कॉल स्टुअर्डने, म्हणजे कामावर हजर असलेल्या युनियनच्या प्रतिनिधीने, लोडिंग डॉकवर, म्हणजे मागच्या बाजूला ट्रक लागतो तिथे, कॉफी पिता पिता सांगितलं, तोपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग मला आपले दादा आठवले. मुंबईत कॉलेजात असताना मी एकांकिकांचं बॅकस्टेज करायचे, तेव्हा व्यावसायिक नाटकांतली माणसं जवळून पाहिली होती. दुपारचा प्रयोग शिवाजी मंदिरला, रात्रीचा ठाण्याला गडकरीला, मधे टेम्पोत फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, भरायचे, त्यावरच थोडं आडवं व्हायचं, पोचलं की परत उभारायचं. पैसे नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाचे. प्रयोग रद्द झाला की नाईट गेली. त्यांचाही रंगमंच कामगार संघ होता, आहे, पण आम्ही कधी चौकशी केली नाही की तो काय करतो. सगळ्यांना नुसतं दादा म्हणायचो, आडनावसुद्धा माहीत नसायचं.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातली थिएटरं बंद झाली, मधे थोडी उघडली, परत बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. त्या काळात आमच्या ग्रुपवर बॅकस्टेजच्या लोकांसाठी पैसे गोळा झाले, दोन दिवसांत झाले, कोणी विचारलं नाही की इतके कशाला. आणि त्याच ग्रुपवर त्याच्या आधीच्या वर्षी इथल्या क्रूच्या बिलावरून तीन दिवस शिव्याशाप चालू होते. म्हणजे बघा, माणूस अडचणीत आला की किराणा भरून द्यायला आपण एका पायावर तयार, पण तोच माणूस करार घेऊन समोर बसला की आपल्या कपाळाला आठ्या. मला स्वतःला हे कळायला बराच उशीर झाला, म्हणून लिहिते.

हे फक्त आपलंच नाही हां, अमेरिकन लोकांचंही तसंच होतं. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर जे स्टेजहँड, म्हणजे बॅकस्टेजचे कामगार, आहेत त्यांचं लोकल वन १८८६ सालचं. पुढे १८९३ च्या जुलैमध्ये अकरा शहरांतल्या अशा संघटनांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि आजच्या आयॅट्सीची सुरुवात झाली. एवढं जुनं प्रकरण, पण सामान्य प्रेक्षकाला ही माणसं दिसली ती एकदम १० नोव्हेंबर २००७ ला, जेव्हा लोकल वन संपावर गेलं आणि दोन डझनांच्या वर थिएटरं १९ दिवस अंधारात राहिली. भांडण मुख्यतः कशावरून, तर नवीन नाटकाचा सेट आत आणून उभा करायला किती माणसं लागतात आणि ती किती वेळ ठेवायची. निर्माते म्हणत होते रिकामी बसलेली माणसं आम्ही का पोसायची, युनियनवाले म्हणत होते माणसं कमी केली की कोणाचा तरी हात चिरडतो. माझे सासू-सासरे तेव्हा पुण्याहून आलेले, तिकिटं काढलेली, शो रद्द. मी घरभर चिडचिड केली होती की सोफे हलवणाऱ्यांची काय ही मिजास. नंतर २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कार्नेगी हॉलच्या सीझनची पहिलीच मैफल स्टेजहँडच्या संपामुळे रद्द झाली, तेव्हा पेपरात छापून आलं की तिथल्या मोजक्या कायम स्टेजहँडना वर्षाला सगळं मिळून चार लाख डॉलरच्या वर मिळतात. झालं, तेव्हापासून कोणीही स्टेजहँड म्हटला की लोक तोच आकडा फेकतात. अहो ते वर्षभर चालणाऱ्या एका हॉलमधले बोटावर मोजण्याएवढे लोक, ढीगभर ओव्हरटाईम करणारे. आपल्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी आठला येणारा ओव्हरहायर, म्हणजे तेवढ्या दिवसापुरता बोलावलेला माणूस, आणि तो यांचा काय संबंध.

मग १२ मार्च २०२० ला ब्रॉडवे बंद झालं ते जवळजवळ दीड वर्ष. पडद्यामागे किती माणसं असतात हे लोकांना तेव्हा दिसलं असं मला वाटतं. जनमत चाचण्या घेणारे गॅलपवाले दरवर्षी विचारतात की युनियन तुम्हाला मान्य आहेत का. २००९ मध्ये ४८ टक्के हो म्हणाले होते, २०२२ मध्ये ७१ टक्के, १९६५ नंतरचा सगळ्यात वरचा आकडा. हे सगळ्याच युनियनबद्दल आहे, फक्त स्टेजहँडबद्दल नाही, पण वारा कुठे वाहतोय ते कळतं.

असो, कामाचं बोलू.

तुम्ही पैसे देता ते घड्याळाला, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. आमच्या पहिल्या वर्षी क्रू सकाळी आठला हजर, आणि आमचा सेट साडेदहाला आला कारण यू-हॉलची, म्हणजे भाड्याच्या ट्रकची, चावी ज्याच्याकडे होती तो मुलीला स्विमिंगला सोडायला गेला होता. अडीच तास सहा माणसं डॉकवर बसून. ती बसली म्हणून नंतर आम्हीच ओरडलो. तर ट्रक आदल्या रात्री भरून ठेवा, आणि जे आधी लागतं ते शेवटी भरा, म्हणजे दार उघडलं की फ्लॅट आणि लेव्हल, म्हणजे सेटचे चौथरे, हाताशी येतील. आमचा एकदा तुळशीवृंदावन अगदी दाराशी आणि फ्लॅट त्याच्या मागे असा ट्रक भरला होता.

कागद किमान दोन आठवडे आधी पाठवा. स्केलचा ग्राउंड प्लॅन, म्हणजे दार कुठे, जिना कुठे, सोफा कुठे. मुंबईहून नाटक येतंय तर त्यांच्या लाईटवाल्याकडून लाईट प्लॉट, म्हणजे कुठला लाईट कुठे त्याचा नकाशा, मागा, आणि तो व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवेल तर तो नीट काढून घ्या, इथल्या हेडला मराठीतलं 'देव्हाऱ्यावर पिवळा' कसं कळणार. प्रवेशानुसार प्रॉपर्टीची यादी इंग्रजीत. नाटकवाले येताना सेट आणत नाहीत, तो आपणच इथे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बनवतो, तर त्याचे दोन फोटोही जोडा. एवढं आधी मिळालं की हेड स्वतःच सांगतो की तुम्हाला इतकी माणसं लागणार नाहीत. हो, आमचा दोन माणसांचा खर्च एकदा असाच वाचला, त्यांनीच वाचवला.

आगीचं वेगळं लिहिते कारण आपल्या नाटकात हे हमखास येतं. ओवाळायचं निरांजन, उदबत्ती, नायकाची सिगारेट. इथे स्टेजवर उघडी ज्योत म्हणजे फायर मार्शलची परवानगी, ती आयत्या वेळी मिळत नाही. बॅटरीवाली पणती आणा, बाल्कनीतून कोणाला फरक कळत नाही. पडदे, कापड यांना अग्निरोधक प्रक्रिया केल्याचं सर्टिफिकेट मागू शकतात. मावशींची पैठणी खिडकीला पडदा म्हणून लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

नटराजपूजनाचा नारळ. आधी विचारा. आम्ही पहिल्यांदा न विचारता स्टेजवर फोडला, पाणी डान्स फ्लोअरवर, कार्पेंटर हेड मॉप घेऊन आला आणि काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. आता आम्ही डॉकवर फोडतो, सगळ्या क्रूला बोलावतो, खोबरं आणि पेढा देतो. मागच्या वेळी त्याच माणसाने विचारलं, आज कोकोनट नाही का. आणि मुलांना सांगा स्टेजवर शिट्टी वाजवायची नाही. फार पूर्वी दोर ओढायला खलाशी असायचे आणि शिट्टीच्या खुणेवर वरून वजन खाली यायचं असं इथे सांगतात. खरं असेल नसेल, पण जुनी माणसं अजून दचकतात.

हात लावू नका, हा नियम सगळ्यात जास्त टोचतो, कारण आपल्याकडे सगळे मिळून करायची सवय, खुर्ची पडलेली दिसली की आपण उचलणार. पण स्टेजवरचं काम क्रूचं, तुम्ही सोफा सरकवलात तर स्टुअर्ड येऊन शांतपणे सांगेल की ठेवा. यात अहंकार आणू नका. वर बघा एकदा, पडदे आणि लाईट ज्या आडव्या पाइपांना टांगलेत त्यांना बॅटन म्हणतात, आणि भिंतीपाशी तेवढ्याच वजनाच्या लोखंडी विटा रचलेल्या असतात. टांगताना आधी बॅटनला सामान बांधायचं आणि मग विटा चढवायच्या, उतरवताना आधी विटा काढायच्या मग सामान सोडायचं. हा क्रम चुकवून आपल्यातल्या कोणी उत्साही माणसाने खाली पडदा सोडला तर ती बॅटन सुसाट वर जाते आणि तिकडे विटा खाली, कोणी मधे असेल तर संपलंच. त्यांना आपल्यावर विश्वास नाही असं नाही, आपल्याला यातलं माहीत नाही हे त्यांना माहीत आहे. स्वयंसेवकांना कपडेपट, ग्रीनरूम, लॉबी, चहा, तिकिटं इथे लावा. आपला एकच माणूस क्रूशी बोलेल असं ठरवा, पाच जण पाच सूचना द्यायला लागले की घड्याळ पळतं.

तो एक माणूस कोण, तर ज्याने नाटक निदान तीनदा पाहिलंय आणि ज्याला हेडसेटवर इंग्रजीत क्यू, म्हणजे लाईट कधी बदलायचा त्या सूचना, देता येतात. लाईट बोर्डवर बसलेल्याला मराठी कळत नाही, त्यामुळे संहितेत खुणा करून त्याच्या हातात देऊन काही होत नाही. त्यात आपले नट ॲडिशन घेणार, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं टाकणार. आमच्या एका प्रयोगाला 'येते मी' या वाक्यावर अंधार होता, आणि बाईंनी दाराशी जाऊन 'येते मी' म्हटलं, प्रेक्षकांत हशा आला, तर परत फिरून त्यांनी आणखी चार वाक्यं टाकली. मी हेडसेटवर होते. स्टँडबाय म्हणजे तयार राहा, ते म्हणून झालं होतं, गो म्हटलं की तो बटण दाबणार, तोंडात गो आलेला, तो गिळला. त्या इलेक्ट्रिशियनचं बोट बटणावर तसंच थांबलेलं, मी हळूच होल्ड म्हटलं, त्याने होल्डिंग म्हटलं, आणि चार वाक्यांनंतर गो. कागदावर चाललो असतो तर बाईंवर अंधार पडला असता. शो संपल्यावर तो म्हणाला, तिने काय जोक केला ते सांग आता. म्हणून हेडसेटवर गप्पांत गो हा शब्द चुकूनही वापरू नका, लेट्स गो पण नाही.

जेवण. कॉल आठचा असेल तर एकच्या आत सुट्टी, म्हणजे साडेबाराला काम थांबवायचं, तेव्हा नट कितीही म्हणो की एकच प्रवेश बघून घेऊ. आम्ही एकदा तो एकच प्रवेश बघितला, बिलात मील पेनल्टी आली, आणि त्यावर जी मीटिंग झाली तिचे चहाबिस्किटांचे पैसे पेनल्टीहून जास्त झाले असतील. बटाटेवडे दिलेत म्हणून सुट्टी टळत नाही, ते वेगळं. पण द्या जरूर, कॉफीबरोबर सकाळी ठेवा, शेंगदाणे कशात आहेत ते चिठ्ठीवर लिहा, लोकांना ॲलर्जी असते. टिप वगैरे देऊ नका, विचित्र वाटतं.

स्मरणिकेत क्रूची नावं छापा, आधी त्यांना विचारून, स्पेलिंग तपासून. आभारप्रदर्शनात रिअल इस्टेटवाल्या स्पॉन्सरला सात मिनिटं जातात, त्यातलं अर्धं मिनिट यांना.

आणि कोणी सुचवेल की एखाद्याला बाजूला घेऊन रोख देऊ, कमी माणसांत करू. नको. हॉलचा करार युनियनशी असतो, तुम्ही तो मोडायला सांगताय आणि पुढच्या वर्षी तारीख मिळणार नाही. परवडत नसेल तर सरळ हायस्कूलमध्ये करा, त्यात कमीपणा नाही, एकांकिका आणि मुलांची नाटुकली आम्ही तिथेच करतो.

शेवटी स्ट्राईक, काकांवाला. प्रयोग संपला की सगळे कलाकारांबरोबर फोटो काढायला स्टेजवर चढतात आणि क्रू विंगेत उभा. तो वेळ तुमच्या बिलात. फोटो लॉबीत घ्या. ट्रक डॉकला लागलेला हवा, चालवणारा पार्टीला गेलेला नको. सेट निघाला की स्टुअर्ड टाइमशीट घेऊन येतो, कोण किती वाजता आला, सुट्टी कधी, किती वाजता सुटला. ती तिथेच वाचा, आपल्या वहीतल्या वेळांशी ताडून बघा, शंका असेल तर तिथेच विचारा आणि मग सही करा, फोटो काढून ठेवा. तीन आठवड्यांनी बिल आल्यावर कोणाला काही आठवत नसतं. आता टाइमशीटवर सही खजिनदार काकाच करतात, दिवसभर स्वतःची वेगळी नोंद ठेवतात, आणि मागच्या वेळी क्रूने एकाचा अर्धा तास कमी लावला होता तो त्यांनीच दाखवून वाढवून घेतला.